तंटा कोळशाचा, दंड दिरंगाईचा

आज झारखंडात असलेल्या, तेव्हा बिहारमध्ये मोडणाऱ्या पिपरवार इथे कोळशाची खुली खाण उभारून देण्यासाठी कोल इंडियाने १९८९मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीशी करार केला. खाण झाली, कोळसाही निघू लागला. मग बोनस आणि दंडाच्या हिशेबावरून दोघांचे बिनसले. करारात लिहिल्याप्रमाणे प्रकरण इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या नियमांखाली लवादाकडे गेले. मे २००२मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. रक्कम होती सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. कोल इंडियाच्या उलाढालीपुढे ती अगदीच किरकोळ.

खरी कहाणी इथून सुरू होते. निवाडा रद्द व्हावा म्हणून कोल इंडिया कलकत्ता उच्च न्यायालयात गेली आणि तो अमलात यावा म्हणून व्हाइट इंडस्ट्रीज दिल्ली उच्च न्यायालयात. परदेशात झालेला निवाडा भारतातले न्यायालय रद्द करू शकते का, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे २००८मध्ये सुनावणी झाली, प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले गेले आणि २०१० उजाडले तरी ते तिथेच होते. अखेर कंपनीने वेगळाच मार्ग धरला. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन तिने थेट भारत सरकारलाच लवादासमोर खेचले.

३० नोव्हेंबर २०११ला या दुसऱ्या लवादाने जे म्हटले ते आजही बारकाईने वाचण्यासारखे आहे. भारतीय न्यायालयांनी कंपनीला न्याय नाकारला, हा आरोप त्याने फेटाळला. न्यायालयांवर कामाचा प्रचंड बोजा आहे हे भारतात व्यवसायाला येणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे होते, असेही त्याने कंपनीला सुनावले. तरीही निकाल भारताच्या विरोधात गेला. भारत-ऑस्ट्रेलिया करारात ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हे कलम होते. त्याच्या आधारे भारताने कुवेतला दिलेले एक आश्वासन ऑस्ट्रेलियन कंपनीलाही लागू झाले. ते होते दाद मागण्याची परिणामकारक सोय पुरवण्याचे आश्वासन. नऊ वर्षांहून अधिक काळ लोंबकळलेले प्रकरण या कसोटीला उतरत नाही, असे लवादाने ठरवले. कोळशाच्या तंट्यात चूक कोणाची, याच्याशी दिल्लीतल्या सरकारचा काही संबंध नव्हता. त्याला भरपाई द्यावी लागली ती आपल्या न्यायालयांच्या वेगाबद्दल.

गुंतवणूक कराराखाली भारत हरल्याचा जाहीर झालेला हा पहिला निवाडा. त्यातून कोणता धडा घ्यायचा याचे दोन पर्याय होते. एक म्हणजे व्यापारी तंट्यांचा निकाल वेळेत लागेल अशी व्यवस्था करणे. दुसरा म्हणजे असे आश्वासन पुन्हा कोणालाच न देणे. सरकारने ताकद लावली ती मुख्यतः दुसऱ्या पर्यायावर.

त्याला निमित्तही मिळत गेले. व्होडाफोनने २००७मध्ये केमन बेटांवरच्या एका कंपनीचा भाग विकत घेऊन हचिसन-एस्सारचा भारतातला मोबाइल व्यवसाय ताब्यात घेतला. त्या व्यवहारावर ११ हजार कोटी रुपयांच्या घरातला कर लागतो, हे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाने ते जानेवारी २०१२मध्ये फेटाळले. पुढच्या दोन महिन्यांत, अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या अर्थसंकल्पात, कायदाच १९६२पासून मागे जाऊन बदलण्यात आला. व्होडाफोन आणि याच बदललेल्या कायद्याखाली कराची मागणी आलेली केर्न या दोन्ही कंपन्या लवादाकडे गेल्या आणि पुढे २०२०च्या सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन्ही निवाडे भारताविरुद्ध लागले.

डिसेंबर २०१५मध्ये सरकारने गुंतवणूक कराराचा नवा नमुना मंजूर केला तो या पार्श्वभूमीवर. त्यातून ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हे कलम गेले, करविषयक वाद वगळले गेले आणि एक महत्त्वाची अट आली: गुंतवणूकदाराने आधी किमान पाच वर्षे भारतातल्याच न्यायालयांत दाद मागावी, मगच आंतरराष्ट्रीय लवादाकडे जावे. पाठोपाठ पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपवत असल्याच्या नोटिसा गेल्या. न्यायालयांच्या दिरंगाईमुळे ज्या कराराखाली हार पत्करावी लागली, त्याची दुरुस्ती करताना त्याच न्यायालयांत पाच वर्षे घालवण्याची सक्ती करण्यात आली. परदेशी कंपनीच्या वकिलाने ही अट कशी वाचली असेल, हे वेगळे सांगायला नको.

अर्थात, सरकारची बाजू पोकळ नव्हती. दोन पक्षांनी निवडलेले दोन आणि त्यांच्या संमतीने आलेला तिसरा, अशा तीन खासगी व्यक्तींनी बंद दाराआड बसून एखाद्या देशाचे करधोरण किंवा वीजधोरण तपासावे, हे लोकशाहीत खुपणारेच आहे. आज वकील म्हणून उभा असलेला माणूस उद्या दुसऱ्या प्रकरणात लवाद म्हणून बसतो, ही तक्रारही जुनी आहे. कराराचे अर्थ एका लवादासमोर एक आणि दुसऱ्यासमोर दुसरे लागतात आणि वर अपिलाची सोय जवळपास नसते. महाराष्ट्राला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, कारण दाभोळ त्याच्या खात्यावर आहे.

गुहागर तालुक्यातल्या, अमेरिकी एन्रॉन कंपनीच्या या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३मध्ये झाला. विजेचा दर, डॉलरशी बांधलेली देणी, वीज घेतली नाही तरी मोजायचा स्थिर आकार आणि वर केंद्राची प्रतिहमी, या सगळ्यावर तेव्हाच गंभीर आक्षेप होते. १९९५च्या निवडणुकीत प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने तो रद्दही केला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, मग फेरवाटाघाटी झाल्या आणि त्याच सरकारच्या काळात प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. १९९९मध्ये वीज सुरू झाली आणि २००१मध्ये बिले थकून बंद पडली. तंटा पेटल्यावर वीज मंडळ महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे गेले आणि आयोगाने कंपनीला लंडनमधली कारवाई पुढे नेण्यास मनाई केली.

राज्याच्या दृष्टीने हा विजय होता. त्याचा परिणाम मात्र उलटा झाला. एन्रॉन दिवाळखोरीत गेल्यावर तिच्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी अमेरिकी सरकारच्या विमा महामंडळाकडे राजकीय जोखमीच्या विम्याची रक्कम मागितली. त्या वादात २००३मध्ये अमेरिकी लवादाने प्रकल्पातली गुंतवणूक हिरावली गेल्याचे मान्य केले. कराराने दिलेली लवादाची वाट भारतीय आयोगाने आणि न्यायालयांनी बंद केली, हे त्यामागचे एक कारण होते. मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांमार्फत आलेल्या भागधारकांनी, तसेच प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनी आपापल्या देशांशी झालेले गुंतवणूक करार बाहेर काढले. २००५मध्ये तडजोडी झाल्या आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली. मूळ करार महागडा होता की नाही, या लोकांच्या प्रश्नाचा निकाल कोणत्याही लवादासमोर पुरता लागला नाही. राज्याची खरी बाजू तिथेच होती, आणि ती मांडण्याची संधी कारवाई अडवण्याच्या नादात हातची गेली.

निवाडा हाती पडला म्हणजे पैसे मिळाले, असे नसते. गावाकडच्या जमिनीच्या दाव्यात हुकूमनामा मिळूनही दरखास्तीत पुढची पिढी खर्ची पडते, तशीच गत इथेही होते. फरक इतकाच की इथली दरखास्त जगभर फिरते. १९५८च्या न्यूयॉर्क करारावर आज १७०हून अधिक देशांची मोहोर आहे. त्यामुळे एका देशात झालेला निवाडा घेऊन जिंकलेला पक्ष दुसऱ्या देशात जप्ती मागू शकतो. केर्नने नेमके तेच केले. मे २०२१मध्ये तिने न्यूयॉर्कच्या न्यायालयात एअर इंडियाविरुद्ध दावा लावला. एअर इंडिया म्हणजे भारत सरकारच, असा तिचा युक्तिवाद होता. फ्रान्समधल्या न्यायालयाने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर टाच आणल्याची बातमी जुलैमध्ये आली. ऑगस्टमध्ये संसदेने पूर्वलक्ष्यी कराची तरतूद मागे घेतली आणि २०२२च्या सुरुवातीला केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाचा मान तेव्हाच राखला असता तर हा फेरा टळला असता.

देवास प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. इस्रोची व्यापारी शाखा असलेल्या अँट्रिक्सने २००५मध्ये बंगळुरूच्या देवास मल्टिमीडियाशी उपग्रहावरच्या एस-बँड लहरी वापरू देण्याचा करार केला. राष्ट्रीय सुरक्षेची गरज पुढे करून तो २०११मध्ये रद्द झाला. २०१५मध्ये लवादाने देवासला ५६ कोटी २५ लाख डॉलर आणि त्यावर व्याज देण्याचा निवाडा दिला. गुंतवणूकदारांनी सरकारविरुद्ध लावलेली दोन स्वतंत्र प्रकरणेही त्यांच्या बाजूने गेली. देवास मुळात फसवणुकीसाठीच स्थापन झाली होती, असा निष्कर्ष काढून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने ती कंपनी अवसायनात काढली ती २०२१मध्ये. जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५चा निवाडा रद्द केला.

भारतात यावर पडदा पडला असला तरी परदेशात तो पडलेला नाही. डिसेंबर २०२३मध्ये सिंगापूरच्या अपील न्यायालयाने भूमिका घेतली की गुंतवणूकदाराच्या प्रकरणात स्विस न्यायालयात हरलेले मुद्दे भारताला सिंगापुरात पुन्हा काढता येणार नाहीत. लंडनच्या न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये भारताच्या बाजूने एक मुद्दा मान्य केला. न्यूयॉर्क करारावर सही केली एवढ्यावरून सार्वभौम राष्ट्राने आपले संरक्षण सोडले असे होत नाही, असे त्याने म्हटले. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की अमेरिकेशी अँट्रिक्सचा पुरेसा संबंध नाही, एवढ्या कारणावरून प्रकरण बाहेर काढता येणार नाही. फसवणूक झाली होती असे धरून चालले तरी एक प्रश्न उरतो. ती न्यायालयात सिद्ध व्हायला करारापासून सोळा वर्षे का लागली? सगळे निवाडे विरोधात गेल्यावर पुढे आलेला निष्कर्ष, तो कितीही खरा असला तरी, परक्या न्यायाधीशाच्या डोळ्यांत बचावाची युक्ती म्हणूनच भरतो. हाच निष्कर्ष २०११-१२मध्ये आला असता तर त्याचे वजन वेगळे असते.

काहीच सुधारले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारत अॅल्युमिनियमच्या प्रकरणात परदेशातल्या लवादांच्या कामात ढवळाढवळ करण्याचा इथल्या न्यायालयांचा अधिकार काढून घेतला, जरी तो निर्णय पुढच्या करारांपुरताच होता. २०१५मध्ये वाणिज्य न्यायालयांचा कायदा आला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, निवाड्याला आव्हान दिले की आपोआप मिळणारी स्थगिती बंद केली. मुंबईत २०१६पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. अॅमेझॉन आणि फ्यूचर यांच्या तंट्यात, सिंगापूरच्या नियमांखाली नेमलेल्या आणीबाणीच्या लवादाचा हंगामी आदेशही भारतात बंधनकारक ठरला, तो ऑगस्ट २०२१मध्ये.

पण दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गावरचा निवाडा २०१७मध्ये झाला, उच्च न्यायालयात एकदा टिकला आणि एकदा पडला, सर्वोच्च न्यायालयात २०२१मध्ये पुन्हा उभा राहिला आणि एप्रिल २०२४मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून तो रद्द केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खात्यांना सूचना पाठवली की सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये आणि घातलेच तर दहा कोटींखालच्या वादांपुरते ठेवावे. म्हणजे मोठे वाद पुन्हा न्यायालयांकडे, जिथे आधीच पाच कोटींच्या आसपास प्रकरणे साचली आहेत.

या दिरंगाईची झळ बड्या परदेशी कंपन्यांना सर्वांत कमी बसते. त्यांच्याकडे नेदरलँड्स, मॉरिशस, सिंगापूर अशा ठिकाणी नोंदवलेल्या कंपन्या असतात आणि लंडनचे वकील असतात. इचलकरंजीच्या कापड निर्यातदाराला किंवा नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला परदेशी खरेदीदाराने पैसे थकवले, तर त्याच्या मदतीला कोणताही गुंतवणूक करार येत नाही. लहान व्यापाऱ्याने परदेशी लवादाचा खर्च पाहून इथल्या न्यायालयाची वाट धरली, तर त्याला व्हाइट इंडस्ट्रीजसारखे नऊ वर्षे थांबणे परवडत नाही. शिवाय ती नऊ वर्षे गेल्यावर कुवेतच्या करारातले कलम शोधून काढणारेही त्याला कोणी भेटत नाही.

सरकारची भूमिका आता सैल होते आहे. संयुक्त अरब अमिरातीशी फेब्रुवारी २०२४मध्ये झालेल्या गुंतवणूक करारात पाच वर्षांची अट तीनवर आली आणि फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कराराचा नमुनाच गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल करण्याची घोषणा केली. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा गुंतवणूक संरक्षणाचा वेगळा करार मागे राहिला. अमिरातीचा करार ३१ ऑगस्ट २०२४ला लागू झाला. त्यात राखलेली तीन वर्षे भारतीय न्यायालयांच्या हातात आहेत. तेवढ्या मुदतीत पहिला मोठा तंटा निकाली निघाला, तर लवादापुढे जायला फारसे काही उरणार नाही. तो तारखांवर तारखा पडत राहिला, तर चौथ्या वर्षी परदेशातल्या लवादासमोर सरकारी वकिलाला पिपरवारच्या खाणीचीच फाइल उघडावी लागेल.