संताप कोणावर काढावा?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ माणसे मारली गेली. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या. मृतांत आपल्या डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचेही लोक होते. बायकापोरांदेखत घरचा माणूस पडला. त्या दुःखापुढे आम्ही काय बोलावे? संताप येतो, आणि तो यावाच. ज्याला तो येत नाही त्याच्या शांतीला आम्ही शांती म्हणणार नाही.

पण मंडळी, हा संताप जातो कुठे ते पाहा. मेलेल्यांत एक तिथलाच मुसलमान घोडेवालाही होता. मारेकऱ्यांना अडवायला गेला म्हणून तो गेला, असे तेथले लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्याने दुकाने बंद ठेवून निषेध केला. आणि इकडे? शिकायला आलेल्या काश्मिरी पोरांना कित्येक शहरांत धमक्या आल्या. लग्नाला आठवडाही झाला नव्हता अशा एका विधवेने, मुसलमानांवर नि काश्मिरींवर राग धरू नका, आम्हांला न्याय हवा, एवढेच म्हटले. तर लोक तिलाच नाही नाही ते बोलले. जिचे कुंकू पुसले, तिलाच! ह्याला संताप म्हणायचे?

जुलैअखेर श्रीनगरजवळ सैन्याने तिघा मारेकऱ्यांना ठार केले. हिशेब त्यांच्याकडे होता. मग त्या पोरांकडे आपण काय मागत होतो?

पहलगामहूनच अमरनाथची एक वाट चढते. ३ जुलै २०२५ला यात्रा निघाली, तेव्हा थकलेल्या म्हाताऱ्यांच्या डोल्या पुष्कळशा त्याच खोऱ्यातल्या मुसलमानांच्या खांद्यांवर होत्या.