अर्धे तिकीट

मुलाचे वय जन्मदाखल्यावर लिहिलेले असते असे ज्यांना वाटते, त्यांनी लेकराबाळांसह एस.टी.चा प्रवास केलेला नाही. दाखल्यावर असते ती नुसती जन्मतारीख. वय हे प्रसंग पाहून ठरते. पहिलीत नाव घालायचे असले की पोरगे सहा वर्षे पूर्ण केलेले असते. तेच पोरगे सुटीत मामाच्या गावाला निघाले, की गाडीच्या पायरीवर चढता चढता पाचाच्या आत येते. विज्ञानाने माणसाला तरुण करण्याचा उपाय अजून शोधलेला नाही म्हणतात. आमच्या आईबापांना तो केव्हाच सापडला आहे.

एस.टी.चा नियम सरळ आहे. पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धे, बारापुढे पूर्ण. पुरातत्त्व खाते त्याहून दयाळू. त्याच्या लेखी पंधरा वर्षांखालचे मूल फुकट. त्यामुळे गाडीत अकरा वर्षांचा असलेला मुलगा लेण्याद्रीच्या तिकीटखिडकीपाशी एकदम तेरा वर्षांचा होतो. खरे बोलायला पैसे पडत नाहीत, तिथे आपण सगळेच हरिश्चंद्र!

या विषयाचा अभ्यास करायला आळेफाट्यासारखी जागा नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर (आता अहिल्यानगर) हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. ओझरचा विघ्नेश्वर, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि शिवनेरी ही तिन्ही ठिकाणे इथून फार लांब नाहीत. एक रात्र भक्तनिवासात काढली, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, की दोन अष्टविनायक आणि एक किल्ला पदरात पडतो. त्यामुळे कडेवर एक, हाताला एक आणि खिशात बेताचे, अशी मंडळी फाट्यावर सदैव दिसतात. आमचाही समावेश त्यांतच. बँकेतल्या कारकुनाला लोक पैसेवाला समजतात, कारण दिवसभर तो नोटा मोजतो. कोणाच्या, ते कोणी विचारत नाही.

माळशेज घाटातून फाट्याकडे येताना एकदा पुढच्या बाकावर असेच एक कुटुंब होते. कंडक्टर यायच्या आत वडिलांनी मुलाची उजळणी घेतली. "कोणी विचारलं तर काय सांगायचं?" "चार." "शाब्बास!" कंडक्टर आला, मुलाकडे पाहून किंचित हसला आणि दोन तिकिटे फाडून पुढे गेला. बाजी मारली. पण घाट संपला आणि मुलगा खिडकीतून बाहेर बघत रस्त्याकडेच्या पाट्या वाचू लागला. "म-ढ. मढ! डिं-गो-रे. आई, डिंगोरे!" आता चार वर्षांचे मूल 'डिंगोरे' वाचते म्हणजे एकतर ज्ञानेश्वर, नाहीतर दुसरी यत्ता. आईने त्याला चिमटा काढला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वाचू नकोस रे!"

अहो, 'वाच रे, वाच रे' म्हणून ज्या महाराष्ट्रात आयांचे घसे बसतात, तिथे एक आई पोराला वाचू नको म्हणाली! ओतूरची पाटी आली तेव्हा मुलाने ती पाहिली, ओठ हलवले, आणि आमच्याकडे असे बघितले, की वाचता येणे हा काही गुन्हा असावा.

आम्ही कॉमर्सचे पदवीधर. जगातल्या प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडलेले असते, एवढे एकच तत्त्वज्ञान आम्हाला शिकवले गेले. समजा पूर्ण तिकीट शंभराचे. मग अर्ध्याचे पन्नास वाचले. हे पन्नास जमा झाले खरे, पण नावे कोणाच्या पडले? एस.टी.च्या पडले, असे आपण समजतो. तपासनीस चढला तर कंडक्टरच्याही पडतात. जाब त्याला द्यावा लागतो. पण सगळ्यांत मोठी रक्कम पडते ती पोराच्या खात्यावर. त्याची खिडकी गेली, कारण चार वर्षांच्या मुलाची जागा आईच्या मांडीवर. त्याचे वाचन गेले. प्रवासभर त्याने काय बोलायचे नाही हे त्याला लक्षात ठेवावे लागले, आणि त्याच्या लक्षात राहील की नाही याची काळजी आईबापांना. म्हणजे पन्नास रुपये वाचवून तिघांनी मिळून जीव टांगणीला लावला! आणि फाट्यावर उतरताच ते पन्नास भेळीला गेले.

कोणी म्हणेल, मुलांशी आपण खोटे बोलतच असतो, त्यात एक जास्त. खरे आहे. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत. पन्नासाव्या पायरीपासून "आलंच हं, आता आलंच" असे म्हटल्याशिवाय कोणाचे पोर वर पोचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चॉकलेटचे दुकान बंद असते, बागुलबुवा खिडकीत उभा असतो. हे खोटे आपण मुलांशी बोलतो, त्याचे पाप आपल्या डोक्यावर, आणि मुले मोठी झाली की ते हसून माफ करतात. पण वयाचे खोटे आपण मुलांकडून बोलून घेतो. तिथे पोराला आपण आपल्या व्यवहारात भागीदार करतो. भांडवल त्याचे, नफा आपला. अशा भागीदारीला कोणता कायदा मान्यता देईल?

हे सगळे आम्ही सांगतो आहोत ते, पन्नास रुपये गेले तरी रात्री ज्याच्या घरी चूल पेटणार आहे, अशा माणसाला. ज्याच्या घरी तीन पोरे आहेत आणि दिवसाची मजुरी बुडवून जो निघाला आहे, त्याला नीती शिकवण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. त्याच्या पोराकडे बघून कंडक्टर खिडकीबाहेर पाहतो, तेव्हा आम्हीही खिडकीबाहेरच पाहतो. पण आमच्यासारखे, ज्यांचे पन्नास रुपये भेळीत जाणार आहेत, त्यांनी गरिबीचे कारण उसने घेऊ नये.

फाट्यापासून जवळच आळे गाव आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले म्हणतात, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. ती चार भावंडेही लहानच, आणि पदरमोड करायला पदरही नाही, अशा स्थितीत शुद्धिपत्रासाठी पायी पैठणला गेली होती. आणि बघा, जिथे बोलत्या रेड्याला समाधी मिळाली, त्याच गावच्या फाट्यावर आपण बोलक्या पोरांना गप्प बसवतो!

म्हणून आमचा साधा सल्ला असा, की मुलांना घेऊन स्वस्तात आणि सुखाने फिरायचे असेल तर काटकसर डब्यात करावी, मुक्कामात करावी, एका दिवसात चार देव उरकण्याच्या हौसेत तर जरूर करावी. पण अर्धे तिकीट काढावे आणि ते पोराच्याच हातात द्यावे. ते त्याला जिवापाड जपते, वर आपली सीट म्हणून ऐटीत बसते आणि पाट्या मोठ्याने वाचते. घाटात ओकारीचीही आठवण त्याला राहत नाही.

शिवाय आता खोटे बोलण्यासारखे उरलेच आहे काय? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. मुलगी बारापुढे गेली तरी अर्धीच. सौ. माझी अर्धांगिनी आहे, हे सरकारने तिकीट फाडून मान्य केले. आमचे नाना पंचाहत्तरीपुढचे, त्यांना २०२२ पासून प्रवास फुकट. ज्या नानांनी साठीनंतर कोणाला वय सांगितले नाही, ते आता न विचारताच ओळखपत्र काढून दाखवतात. म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकिटाचा माणूस एकटा मीच. माझे वय कंडक्टर विचारत नाही. विचारलेच तर खरे सांगीन, फक्त हिने सांगितलेल्या आकड्याशी ते जुळले पाहिजे.