हुर्यो कुणाची उडवायची?

8 मे 2024च्या रात्री मुंबई इंडियन्सचा सामनाच नव्हता. सामना हैदराबादला होता, सनरायझर्स आणि लखनऊ यांच्यात. लखनऊने 165 धावा केल्या. हैदराबादच्या सलामीच्या जोडीने 9.4 षटकांत एकही गडी न गमावता लक्ष्य गाठलं आणि मुंबईचं त्या मोसमातलं आव्हान संपलं. दोनच दिवस आधी वानखेडेवर याच हैदराबादविरुद्ध सूर्यकुमार यादवने नाबाद 102 धावा काढल्या होत्या आणि गणितं पुन्हा सुरू झाली होती. आपले आठ गुण, उरलेले दोन्ही सामने जिंकले की बारा. मग या संघाने त्याला हरवायचं, त्याने याच्याकडून हरायचं, आणि धावगती आपल्या बाजूने झुकायची. बोरिवलीहून सकाळी फास्ट लोकलने निघणारा माणूस दादर येईपर्यंत हे सगळं तोंडपाठ मांडून दाखवत होता. हैदराबाद जिंकलं आणि त्याचे गुण चौदा झाले. लखनऊ आणि दिल्ली दोघांचेही बारा होते आणि त्यांची आपसातली लढत बाकी होती. त्या लढतीनंतर निदान एक तरी बाराच्या पुढे सरकणारच होता. म्हणजे मुंबईला आता वाट उरली नव्हती.

या जर-तरच्या हिशेबांना बाहेरचा माणूस हसतो. मला त्यात चाहत्याच्या निष्ठेचा सर्वांत स्वच्छ पुरावा दिसतो. गुणतालिका सगळ्यांनाच वाचता येते, तिच्यात फट शोधत बसतो तो ज्याचं काही पणाला लागलेलं आहे. मुंबईकरांना ही सवय अनुभवाने लागली आहे. 25 मे 2014ला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध 190 धावा 14.3 षटकांत करायच्या होत्या. त्या क्षणाला धावसंख्या नेमकी 189वर येऊन बरोबरीत अडकली. सगळं संपलं असं मैदानावरच्या खेळाडूंनाही वाटलं. मग कळलं, की पुढच्या चेंडूवर चौकार किंवा षटकार गेला तरी चालेल. जेम्स फॉकनरचा चेंडू आदित्य तरेने थेट प्रेक्षकांत भिरकावला आणि शर्ट काढून धावत सुटला. त्याच मोसमात मुंबई पहिले पाच सामने हरली होती. 2021मध्ये अबुधाबीला शेवटच्या सामन्यात 171 धावांनी जिंकण्याची अट होती, तेव्हाही लोक टीव्हीसमोरून उठले नाहीत. ईशान किशनने 32 चेंडूंत 84 धावा केल्या, संघाच्या 235 झाल्या. विजय मिळाला, पण 42 धावांनी. त्या रात्री निराशा होती, राग नव्हता. खेळाडूंनी जे हातात होतं ते करून पाहिलं होतं आणि लोकांना ते दिसलं होतं.

हरण्यामुळे लोक चिडतात हे गृहीत धरून आपण चाहत्यांना पोरकट ठरवतो. मुंबईपुरतं तरी हे गृहीतक खरं नाही. 2022 आणि 2024 हे दोन मोसम शेजारी ठेवून बघा. दोन्ही वर्षी चौदापैकी चार विजय, दहा पराभव, आठ गुण आणि दहावा क्रमांक. 2022 तर जास्त वाईट होतं, कारण सुरुवातीचे सलग आठ सामने हातचे गेले. पहिला विजय मिळाला तो 30 एप्रिलला. साखळी सामने मुंबई आणि पुण्यातच होते, त्यामुळे डोळ्यांदेखत हरणं चालू होतं. करोनानंतरच्या निर्बंधांमुळे सुरुवातीला मैदानं पूर्ण भरत नव्हती हे खरं, पण जे आले त्यांनी आपल्या कर्णधाराची हुर्यो उडवली नाही. 2024मध्ये मात्र नाणेफेकीपासूनच हुर्यो सुरू झाली. 1 एप्रिलला वानखेडेवर ती इतकी वाढली, की संजय मांजरेकरांना माईकवरूनच प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. निकाल तोच आणि संघही तोच असताना वागणं वेगळं का झालं?

उत्तर 15 डिसेंबर 2023च्या घोषणेत आहे. त्या दिवशी रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाल्याचं संघाने जाहीर केलं. संघाने कारण दिलं ते भविष्याच्या तयारीचं. क्रिकेटच्या दृष्टीने त्या निर्णयात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. रोहित छत्तिशीत होता. हार्दिकने गुजरातला पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि दुसऱ्या वर्षी अंतिम फेरीत नेलं होतं. पण रोहित उपनगरांसाठी नुसता कर्णधार नव्हता. जन्म नागपूरचा, आईवडील डोंबिवलीला, आणि मुलगा बोरिवलीत आजोबा-काकांकडे वाढलेला. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत आणलं आणि फी परवडणार नाही म्हटल्यावर ती माफ करवून घेतली. ही गोष्ट बोरिवली-कांदिवलीत किटबॅग घेऊन गाडी पकडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला माहीत आहे. 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020ची पाचही विजेतेपदं त्याच्या नेतृत्वाखाली आली. अशा माणसाला बाजूला करताना लोकांना विचारावं असं कुणी म्हणणार नाही. पण सांगावं तरी, समजवावं, निरोपाला वेळ द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हती. आपलं मानलेल्या घरात आपल्याला काही स्थान नाही, हे त्या दिवशी लोकांना कळलं. मोसम सुरू होताच वर आला तो हा डिसेंबरचा राग.

तो बाहेर पडला चुकीच्या माणसावर, हे मी निःसंदिग्धपणे म्हणेन. हार्दिकने संघ विकत घेतला नव्हता. त्याला बोलावलं, तो आला. ज्यांनी निर्णय घेतला ते काचेमागे बसले होते. गॅलरीतून हाकेच्या अंतरावर होता तो सीमारेषेवरचा एक खेळाडू. खुद्द रोहितने 1 एप्रिलच्या सामन्यात प्रेक्षकांना हाताने शांत राहण्याची खूण केली, आणि त्यातलं शहाणपण मैदानातल्या इतर सगळ्यांपेक्षा अधिक होतं. पुढे 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं आणि 4 जुलैला मरीन ड्राइव्हवरच्या अफाट गर्दीनंतर त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. यावरून लोक चंचल असतात असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो पटत नाही. त्याच माणसाने भारताची जर्सी घातल्याबरोबर भांडण मिटलं, याचा अर्थ भांडण त्याच्याशी नव्हतंच.

मग कुणाशी होतं? इथे स्पर्धेच्या रचनेकडे बघावं लागतं. आयपीएलमध्ये दहाव्या क्रमांकाला शिक्षा नाही. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रसारण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले आणि त्यातला वाटा तळाच्या संघालाही मिळतो. त्यापुढे विजेत्याचं 20 कोटींचं बक्षीस किरकोळ ठरतं. पुढच्या वर्षी लिलाव होतो आणि पाटी कोरी. याउलट 1948पासून मुंबईच्या पावसात खेळली जाणारी कांगा लीग घ्या. तिथे ए पासून जी पर्यंत विभाग आहेत. तळाला गेलात की खालच्या विभागात उतरावं लागतं आणि वर यायला पुन्हा सबंध पावसाळा चिखलात झुंजावं लागतं. क्लबचा सेक्रेटरी, मैदान सांभाळणारा माळी, संध्याकाळी नेट्सच्या मागे उभे राहणारे निवृत्त सभासद, या सगळ्यांना त्या घसरणीची झळ बसते. तोटा वाटला जातो म्हणून संघही वाटला जातो. फ्रँचायझीत तोटा, भावनेचा का होईना, एकट्या चाहत्याच्या वाट्याला येतो. मुलुंडहून किंवा घाटकोपरहून आलेला माणूस रात्री साडेअकराला सामना संपल्यावर सीएसएमटीच्या दिशेने धावतो, शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडतो आणि सकाळी पुन्हा कामावर जातो. 17 मे 2024ला लखनऊविरुद्धचा शेवटचा सामना निरर्थक झालेला असतानाही असे हजारो लोक गेले होते. रोहितने 68 धावा केल्या, मुंबई 18 धावांनी हरली.

चाहत्यांनी वैतागणं सोडलं तर काय होतं, हे बघायला वानखेडेच्या शेजारच्या मैदानात डोकवावं. चर्चगेटचं हॉकी मैदान. 1982चा विश्वचषक मुंबईत झाला. वांद्र्याच्या वीरेन रास्किन्हासारखे ऑलिंपियन या शहराने दिले. मर्झबान पटेल ऊर्फ बावा यांनी रिपब्लिकन क्लबमधून मुलं घडवली आणि त्यांना 2019मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. जानेवारी 2013मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स या संघाकडे रिक चार्ल्सवर्थसारखा जगातला अव्वल प्रशिक्षक होता आणि पेनल्टी कॉर्नरला संदीप सिंग. त्याच आठवड्यात सीमेवरचा तणाव मैदानापर्यंत पोहोचला. शिवसेनेच्या निदर्शनांनंतर लीगमधल्या नऊही पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवण्यात आलं आणि त्यांतले चार एकट्या मुंबईचे होते. स्पर्धेच्या तोंडावर मोडलेला हा संघ सावरला नाही. पाच संघांतले चार उपांत्य फेरीत जाणार होते आणि बाहेर राहणारा पाचवा ठरला तो मुंबई.

दुसऱ्या मोसमानंतर मालकांनी संघ सोडला. 2015मध्ये दबंग मुंबई हे नवं नाव आलं, नवे मालक आले. या संघाने 2017मध्ये अंतिम फेरी गाठली आणि कलिंगा लान्सर्सकडून 4-1 अशी हार पत्करली. त्यानंतर लीगच थांबली. डिसेंबर 2024मध्ये ती आठ पुरुष संघांसह पुन्हा सुरू झाली, त्या आठांत मुंबई नव्हती. ओडिशा, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बंगाल, पंजाब, दिल्ली, हैदराबाद यांना संघ मिळाले. आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वर्तमानपत्रांत वाचकांची पत्रं नाहीत, महापालिकेत प्रश्न नाही, चहाच्या टपरीवर चर्चा नाही. मला या शांततेची वानखेडेवरच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त भीती वाटते. आठ वर्षांच्या मुलाला स्टिक घेऊन द्यायची की नाही, हे ठरवताना आईबाप टीव्हीवर आपल्या शहराचं नाव शोधतात. बावांसारखी माणसं मैदानावर उन्हातान्हात पोरं गोळा करतात ती कशाच्या भरवशावर करायची?

अंधेरीत तिसरीच गोष्ट घडली आहे. शहाजीराजे क्रीडा संकुलाचं मैदान 2016पासून मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचं घर आहे, आणि दक्षिण टोकाला न जाता मोठा सामना बघण्याची उपनगरांची ती एकमेव जागा म्हणता येईल. वेस्ट कोस्ट ब्रिगेड नावाचा चाहत्यांचा गट तिथे ढोल-झेंडे घेऊन उभ्या उभ्या सामना बघतो. 21 फेब्रुवारी 2020ला याच मैदानात चेन्नईयिनविरुद्ध जिंकणं भाग होतं. शेवटच्या काही मिनिटांत एकच गोल झाला आणि पहिल्या चारांची दारं बंद झाली. वर्षभरात त्याच क्लबने शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, पण ते गोव्यातल्या रिकाम्या मैदानांत. अंधेरीच्या गॅलरीला तो आनंद दूरचित्रवाणीवरच घ्यावा लागला. परदेशी समूहाने 65 टक्के हिस्सा घेतला होता, तोही लीगच्या भवितव्याच्या अनिश्चिततेचं कारण देऊन 2025च्या अखेरीस बाहेर पडला. गॅलरीतली पोरं बाहेर पडली नाहीत. त्यांना जायला दुसरा क्लब नाही, आणि असता तरी ती गेली नसती.

मालक येतात-जातात आणि चाहते राहतात, हे सगळ्यांना मान्य असतं. मान्य झाल्यावर त्याचा व्यवहारात काय अर्थ लावायचा, यावर आपल्याकडे बोलणं होत नाही. जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत असा नियम आहे. एप्रिल 2021मध्ये इंग्लंडच्या सहा बड्या क्लबांनी सुपर लीगमध्ये जाण्याचं जाहीर केलं. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही क्लब माघारी फिरले. तिथे राग खेळाडूवर निघाला नाही, तो निर्णय घेणाऱ्यांच्या दारात गेला. मुंबईत तो तसा जाऊ शकत नाही, कारण ते दारच अस्तित्वात नाही. संघाच्या चाहत्यांचं नोंदलेलं मंडळ नाही, प्रतिनिधी नाही, वर्षातून एकदा प्रश्न विचारण्याची जागा नाही.

ही मागणी अगदी छोट्या गोष्टीपासून सुरू होऊ शकते. मोसम संपल्यावर आणि कोणाला राखून ठेवायचं याचा निर्णय होण्याआधी संघाने एक खुली सभा घ्यावी. ती ताज किंवा ट्रायडंटमध्ये नको. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात घ्या, मुलुंडच्या कालिदासमध्ये घ्या. व्यासपीठावर कर्णधाराला बसवू नका, ज्यांच्या सहीने कर्णधार बदलतो त्यांना बसवा. लोक कडू बोलतील. तिकिटांच्या किमती काढतील, डिसेंबरची घोषणा काढतील, शेवटच्या लोकलचा विषय काढतील आणि सामना अर्धा तास आधी का सुरू होत नाही असंही विचारतील. त्यांना उत्तरं द्यावी लागतील. मुंबई महानगरातल्या दुसऱ्या खेळांच्या संघांनीही हेच करावं, आणि हॉकीसाठी पुढच्या वेळी कुणी मालक पुढे आला तर संघ सोडण्यापूर्वी अशी सभा घेणं त्याच्या करारातच लिहिलेलं असावं.