निम्मं-निम्मं म्हणजे भेसळ नव्हे

रक्तदाबावरच्या एका गोळीची जाहिरात करणारं पत्रक नुकतंच वाचनात आलं. जुनी गोळी ‘रेसेमिक मिश्रण’ आहे, म्हणजे निम्मी अशुद्ध. नवी मात्र पूर्ण शुद्ध, असा त्याचा सूर. अ‍ॅम्लोडिपिनपुरता या दाव्याचा एक भाग खरा आहे. त्याच्या रेणूची दोन रूपं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात आणि रक्तदाब उतरवण्याचं जवळजवळ सगळं काम त्यांतलं एकच रूप करतं. म्हणून ५ मिलिग्रॅमच्या जागी २.५ पुरतात. पण एवढ्यावरून ‘रेसेमिक’ आणि ‘अशुद्ध’ एकच ठरवणं सपशेल चूक आहे. रेसेमिक हा शब्द फक्त प्रमाण सांगतो: डावं आणि उजवं रूप सम-समान. ती रूपं एकमेकांशेजारी कशी बसली आहेत, आणि शरीरात गेल्यावर काय करतात, हे दोन निराळे प्रश्न. ते सुटे व्हायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि आपण ते पुन्हा एकत्र कालवत आहोत.

सुरुवातीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आल्सासमधल्या थान इथे वाइनच्या पिंपातल्या क्षारापासून टार्टारिक आम्ल बनवताना एक वेगळंच आम्ल हाती आलं. घटक तेच, त्यांचं प्रमाणही तेच, पण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल ते वळवत नव्हतं. द्राक्षांच्या घडावरून त्याला ‘रेसेमिक’ नाव मिळालं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मित्शरलिखने १८४४ मध्ये कोडं आणखी अवघड केलं आणि १८४८ मध्ये पंचविशीतल्या पाश्चरने ते सोडवलं. या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक त्याने हाताने निवडून वेगळे केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचं तितकाच डावीकडे.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि निष्कर्ष देतात: ज्याला पदार्थ समजत होते ते नुसतं मिश्रण निघालं. माझा वाद या निष्कर्षाशी आहे, कारण पाश्चर स्वतः इथे थांबला नव्हता. दोन्ही क्षारांपासून त्याने डावं आणि उजवं आम्ल मिळवलं, त्यांची तीव्र द्रावणं समप्रमाणात एकत्र ओतली. द्रावण तापलं आणि त्यातून स्फटिक खाली बसू लागले. ते मूळ रेसेमिक आम्लाचे होते. नुसत्या कालवाकालवीत हे घडत नाही. डावा आणि उजवा रेणू स्फटिकात एकमेकांना धरून बसले होते.

आकडेही तेच सांगतात. उजवं टार्टारिक आम्ल १७० अंशांच्या आसपास वितळतं, डावंही तिथेच. अशुद्धी मिसळली की पदार्थाचा द्रवणांक उतरतो, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल. निर्जल रेसेमिक आम्लाचा द्रवणांक मात्र चढून २०६ अंशांच्या घरात जातो. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात टार्टारिक आम्ल १३० ग्रॅमहून अधिक विरघळतं, रेसेमिक जेमतेम २० ग्रॅम. पाण्यातून स्फटिक होताना रेसेमिक आम्ल पाण्याचा एक रेणू सोबत घेतं. एकटं डावं किंवा एकटं उजवं आम्ल घेत नाही. स्फटिकाच्या पातळीवर हा स्वतंत्र पदार्थ आहे, स्वतःच्या गुणधर्मांचा.

मग १८४८ चे ते वेगवेगळे स्फटिक? पाश्चरने निवडलेला क्षार हा अपवाद होता. तोही सुमारे २७ अंशांच्या खालीच डाव्या-उजव्या स्फटिकांत विभागतो. त्याहून गरम पाण्यातून दोन्ही रूपं एकाच स्फटिकात बसतात. मे महिन्यातल्या मुंबईत, पंख्याखाली, हा प्रयोग फसला असता. असे आपोआप विलग होणारे पदार्थ एकूण रेसेमिक पदार्थांत ५ ते १० टक्केच आढळतात. अपवादातून लागलेल्या शोधाला आपण नियम मानून बसलो.

व्हान्ट हॉफ आणि ले बेल यांनी १८७४ मध्ये डाव्या-उजव्याचं मूळ कार्बनच्या चार बंधांच्या दिशांत दाखवलं. त्यावर कुणाचं दुमत नाही. मांडणीचा प्रश्न मात्र १८९९ पर्यंत धूसर राहिला. त्या वर्षी डच रसायनशास्त्रज्ञ रोझेबूम याने प्रमाण बदलत जाईल तसा द्रवणांक कसा बदलतो याचे आलेख मांडले आणि तीन शक्यता वेगळ्या केल्या: डाव्या आणि उजव्या स्फटिकांचा साधा ढीग, दोघांचं मिळून एक संयुग, किंवा दोघं वाटेल तसे बसलेलं घन द्रावण. तिन्ही ठिकाणी प्रमाण निम्मं-निम्मंच. माझ्या मते खरं वळण हे आहे, आणि पाश्चरच्या स्फटिक निवडण्याच्या कथेपुढे ते झाकलं गेलं. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९६ च्या शिफारशींत ‘रेसेमिक मिश्रण’ हा शब्दप्रयोग टाळायला सांगितलं, ते याच गोंधळामुळे: कुणी तो तिन्हींसाठी वापरी, कुणी फक्त पहिल्या ढिगासाठी.

पोटात गोळी विरघळली की स्फटिकाची मांडणी संपते आणि परिणामाचा प्रश्न सुरू होतो. १९८४ मध्ये आरीन्स या डच औषधशास्त्रज्ञाने रास्त तक्रार केली की रेसेमिक औषधांचं रक्तातलं प्रमाण मोजताना दोन्ही रूपं एकच धरली जातात, त्यामुळे निष्कर्ष निरर्थक ठरतात. निष्क्रिय रूपाला तो फुकटचं ओझं म्हणे. बाजाराने ‘ओझं’ तेवढं उचललं, मोजमापाची तक्रार सोडून दिली.

पण दुसरं रूप नेहमीच ओझं नसतं. ट्रॅमाडॉलमध्ये दोन्ही रूपं वेदना कमी करतात, वेगवेगळ्या मार्गांनी. आयबुप्रोफेनच्या कमी प्रभावी रूपाचा बराच भाग शरीर स्वतःच प्रभावी रूपात बदलतं. थॅलिडोमाइडचं एकच रूप दिलं असतं तर बाळं जन्मजात व्यंगांपासून वाचली असती, असं आजही सांगितलं जातं. पण शरीरात काही तासांतच एक रूप दुसऱ्यात बदलतं, त्यामुळे तो इलाज कधीच नव्हता. उलट भुलीच्या ब्युपिव्हॅकेनचं उजवं रूप हृदयाला अधिक घातक, म्हणून तिथे नुसतं डावं देण्याला अर्थ आहे. चार औषधं, चार वेगळी उत्तरं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये धोरण ठरवलं तेव्हा रेसेमिक औषधांवर बंदी घातली नाही. दोन्ही रूपं वेगळी मोजण्याची पद्धत विकसित करा आणि प्रत्येकाचं शरीरात काय होतं ते तपासा, अशी अपेक्षा त्यात होती. गोळीच्या त्या जाहिरात-पत्रकात मात्र ‘शुद्ध’ हा शब्द चार वेळा आहे. दुसऱ्या रूपाचं शरीरात काय होतं, याबद्दल एक ओळही नाही.