तंगडीचा हिशेब

सिंदेवाही, मूलकडे रोवणी सुरू झाली की रात्रभर बांध्यांमधून बेडकांचा गलका उठतो. चांगला पाऊस पडला की मोठा नर बेडूक हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून मादीला साद घालतो. याच जातीच्या मागच्या तंगड्या विकून देशाने एकेकाळी परकीय चलन कमावले.

एकट्या 1981 साली 4 हजार टनांहून जास्त तंगड्या परदेशी गेल्या. ताटात जाते ती मागची जोडीच. बाकीचा बेडूक फेकून द्यायचा, आणि कापताना तो अनेकदा जिवंतच असे. मुंबईचे निसर्ग अभ्यासक हुमायूं अब्दुलअली या व्यापाराविरुद्ध उभे राहिले. मुद्दा रोखठोक होता: बेडूक शेतातली कीड फुकट खातो, तो गेला की तेच काम विकतच्या औषधाकडून करून घ्यावे लागते. 1987 मध्ये निर्यात बंद झाली. युरोपची भूक मात्र इंडोनेशियाकडे वळली. आपल्या शेजारच्या गोव्यातही पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे बेडकाच्या तंगड्यांसाठी, रात्री बॅटऱ्या फिरतात आणि वनखात्याला शिक्षेची आठवण करून द्यावी लागते.

तंगडी पुन्हा उगवली तर? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये तेही दाखवले. प्रौढ आफ्रिकी बेडकाचा मागचा पाय कापून जखमेवर पाच औषधे भरलेली टोपी फक्त 24 तास बसवली. पुढच्या 18 महिन्यांत पाय बराचसा उगवला. त्याला स्पर्श कळत होता, पोहायलाही तो कामी येत होता. बोटांत हाडे नव्हती. अपघातात पाय गमावलेल्या माणसासाठी ही आशा आहे. जिभेच्या चोचल्यासाठी कापलेल्या तंगडीशी तिची बरोबरी करणे अन्यायाचे होईल.

आपल्या भागात बेडकाचा मान वेगळाच. पाऊस लांबला की धोंडी निघते. कडुलिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून दारोदार फिरवतात, त्याच्यावर पाणी ओततात. (बेडकाला हा मान किती सोसतो, ते सोडा.) पुढे पाऊस येतो, रोवणी होते, आणि तुडतुड्यांच्या धास्तीने कीड दिसायच्या आधीच फवारणीचा पंप पाठीवर चढतो. त्या वेळी बांधीच्या पाण्यात बेडकाची पिल्ले असतात, अजून पायही न फुटलेली.

तंगडी विकणाऱ्याला कायदा आडवा येतो, या फवाऱ्याला नाही. म्हणून धान उत्पादकांना एवढीच विनंती: आधी बांधीत उतरा, चुडाच्या बुडाशी वाकून तुडतुडे मोजा. फारसे नसतील तर पंप घरीच राहू द्या.