संरक्षण की वगळणूक?

१९६१ सालची एक आठवण वैद्यकविश्व अद्याप विसरलेले नाही. गरोदरपणातील मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइडमुळे हजारो अर्भके व्यंग घेऊन जन्मली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले. गरोदर स्त्रीवर चाचणी नको, हा धडा जगाने त्यातून घेतला. वास्तविक, गर्भाला ते बाधते की नाही, हे आधी नीट तपासलेच नव्हते. न तपासल्याने ओढवलेल्या अनर्थातून ‘तपासू नका’ असा निष्कर्ष निघावा, हे विचित्रच!

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या स्मरणात नाही. न्यू गिनीत नवजात बालके धनुर्वाताने दगावत. तेथील गरोदर मातांना लस टोचली असता बाळे वाचतात, असे डॉ. स्कोफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. सुई दुखते आईला, कवच लाभते बाळाला. आपल्याकडेही ही लस गावोगावी पोहोचली. स्वच्छ बाळंतपणाची तिला जोड मिळाली आणि २०१५ मध्ये भारतात नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

आता प्रश्न आहे ‘ब’ गटातील स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा. अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरात तो उपद्रव न देता राहतो. प्रसूतीत बाळाला लागला, तर रक्तात संसर्ग किंवा मेंदूज्वर होऊ शकतो. कळा सुरू असताना आईला शिरेतून प्रतिजैविक दिल्यास पहिल्या आठवड्यातील आजार बव्हंशी टळतो, नंतरचा टळत नाही. शिवाय घाईच्या बाळंतपणात ते द्यायचे केव्हा? म्हणून लस हवी. दक्षिण आफ्रिकेतील गरोदर मातांवर घेतलेल्या अशा एका लसीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा चाचणीतील आई धोका पत्करते तो बहुधा इतरांच्या, पुढे जन्मणाऱ्या बाळांसाठी. आणि पोटातल्या बाळाची संमती तर घेताच येत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु चाचणी टाळल्याने धोका नाहीसा होत नाही. तो पाळण्यापाळण्यात विखुरला जातो, एवढेच. मिस्साच्या प्रारंभी आपण केलेल्याबरोबर न केलेल्याचीही कबुली देतो, ती उगीच नव्हे.

मला अधिक सलतो तो दुसराच प्रश्न. चाचणीच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या गरीब बाईला, ‘नाही’ म्हटले तरी तुझे उपचार थांबणार नाहीत, हे तिच्या बोलीत, सासू आणि डॉक्टरसाहेब समोर नसताना, कुणी सांगितलेले असते काय?