पाण्यातली तहान

प्रेमाने दिलेलं पाणी एखाद्याला मारू शकतं का? आमच्या खिडकीतल्या ऑर्किडने, म्हणजे आमरीने, मला हा प्रश्न घातला.

फुलं गळाली, पानं सुरकुतली. तहानली असेल म्हणून मी पाणी वाढवलं. पानं आणखी मऊ पडली. मी आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी उपडी केली, तर मुळं कुजून पोकळ झालेली. सडक्या मुळांना पाणी ओढता येत नव्हतं. बिचारी पाण्यात बसून तहानेने मरत होती.

ही जात आग्नेय आशियाच्या जंगलात झाडांवर वाढते. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण पावसाचं पाणी झटकन शोषतं. भिजलं की हिरवं, सुकलं की रुपेरी. मग त्याला वारा हवा. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या फांद्यांवर आमऱ्या असतात. अम्मी म्हणाली, "बांडगूळच ना ते?" मी जरा जोरातच म्हणाले, "नाही अम्मी, बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस ओढतं. ही फक्त जागा घेते." तो शब्द माणसांनाही लावलेला ऐकला आहे, म्हणून आवाज चढला असावा.

काम नियत पाहून तोललं जातं, असं मी वर्गात शिकवते. माझी नियत साफच होती. पण रोपापर्यंत नियत पोचत नव्हती, पाणी पोचत होतं. समोरच्याची गरज न पाहता केलेली मदत ही चांगली नियत की नुसता आळस? मागे पडलेल्या मुलाला मी जादा गृहपाठ देत आले, तेही आठवलं.

सडकी मुळं कापली. आंब्याच्या वाळक्या फांदीच्या तुकड्यावर थोडं शेवाळ ठेवून रोप सुती दोऱ्याने बांधलं. शेंड्यात पाणी साचू नये म्हणून तिरकं. वाटलं, चला, मोकळी केली. खरं तर उलट झालं. कुंडीतली आमरी आठवडाभर पाण्यावाचून तग धरते. लाकडावरची मुळं उन्हाळ्यात दिवसभरात सुकतात. आता रोज पाणी हवं. रमजानात सहरी उरकली की फवारा मारायचे.

नवं मूळ बोटाच्या पेराएवढं झालं आहे, पण लाकडाला अजून चिकटलेलं नाही. तोवर दोरा कापायचा नाही. सुट्टीत गावी जायचं की नाही, यावर घरात वाद चालू आहे. अम्मी म्हणते, शेजारणीला सांग. शेजारीण प्रेमळ आहे, हीच तर भीती आहे.